थाळी न फिरवता

मी सेहेचाळीस वर्षं थाळ्या रंगवतोय. आमच्या आसफी गावच्या कुंभारटेकडीवर कोणालाही विचारा, अल्लालच्या थाळीत चूक शोधायला बसलात तर डोळे दुखतील पण चूक सापडायची नाही. हे फुशारकीनं सांगत नाही. सांगतो अशासाठी की एकसष्टाव्या वर्षी मी चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसलो, आणि तिथं माझ्या मुलीहून लहान असलेल्या एका पोरीनं मला सांगितलं, "मअल्लम, तुम्हाला चित्र काढता येत नाही."

मअल्लम म्हणजे उस्ताद. उस्तादही म्हणायचं आणि येत नाही असंही म्हणायचं, हे या पोरींनाच जमतं.

आमच्या कामात हात हलत नाही, थाळी हलते. डाव्या हातानं चाक फिरवायचं, उजव्या हातात गाढवाच्या आयाळीचा कुंचला धरायचा आणि श्वास रोखून तो एका जागी टेकवून ठेवायचा. रेघ फिरून स्वतःला येऊन मिळते. मग थाळीचे चार भाग करायचे. पहिल्या भागात जे काढलं तेच उरलेल्या तिन्ही भागांत काढायचं. रिकामी जागा सोडायची नाही. माझ्या उस्तादानं पहिली दोन वर्षं मला दुसरं काही शिकवलंच नाही. हात हलला की कुंचल्याची दांडी मनगटावर बसायची.

असा माणूस त्या वर्गात कशाला गेला, ते आधी सांगतो.

माझी आई, आमची यम्मा, शहाऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिची आठवण विरायला लागली. आधी कुठलं भांडं कुठं ते गेलं, मग शेजारणींची नावं गेली, आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "बुशैब, आलास? समुद्र कसा होता?"

बुशैब माझा थोरला भाऊ. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो तारल्यांच्या बोटीवर गेला आणि बुडाला, बंदरापासून फार लांबही नाही. तो तेव्हा चोवीसचा होता, मी सतराचा. त्या पहाटे मीही त्याच्याबरोबर जाणार होतो. कुंभारकाम सोडून दर्यावर जायचं माझ्या डोक्यात भरलं होतं आणि बुशैबनं हो म्हटलं होतं. यम्मानं मला गव्हाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. का कोंडलं ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "घरात दळण आणायला कोणीतरी हवं होतं." मी तेच धरून चाललो. समुद्रावर जायचा तो तिचा मर्द मुलगा, आणि दळण आणायचा तो मी.

"यम्मा, मी अल्लाल," मी त्या सकाळी म्हटलं.

तिनं परक्या माणसाकडं बघावं तसं सभ्यपणे माझ्याकडं बघितलं. "अल्लाल कुंभाराकडं गेलाय. येईल इतक्यात."

तेव्हापासून मी बुशैब. मी तिचे पाय धुतो, औषध देतो, शुक्रवारी कुसकुस भरवतो, आणि ती माझ्या गालावरून हात फिरवून मेलेल्या भावाचं नाव घेते. लोक म्हणतात, काय बिघडतं? म्हातारी आहे, हो म्हणावं. माझी बायको हनियाही तेच म्हणते. त्यांचं काय जातंय! चव्वेचाळीस वर्षं घरात मी राहिलो, सांभाळलं मी, आणि कौतुक सगळं त्याचं. मला वाईट वाटतं. साठी उलटलेल्या माणसानं असं बोलू नये, पण वाटतं ते वाटतं. डॉक्टरनं सांगून ठेवलंय की तिचं काळीज थकलंय, हा हिवाळा निघाला तर नशीब. मला तिच्याकडून एकच हवं होतं. जायच्या आधी एकदा तरी तिनं मला ओळखावं आणि अल्लाल म्हणावं.

बुशैबचा फोटो असता तर काम सोपं होतं. समोर धरून म्हटलं असतं, हा बघ बुशैब, आणि हा मी. पण त्याचा एकुलता एक फोटो ओळखपत्रावर होता आणि ओळखपत्र त्याच्या खिशात होतं. म्हटलं, आपण रंगारी माणूस, आपणच काढू.

भट्टीतून निघालेली एक कोरी थाळी घेऊन चाकावर ठेवली. बुशैबचं नाक डावीकडं वळलेलं होतं, लहानपणी वल्ह्याचा तडाखा बसला होता. हसायचा ते एकाच गालात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण एक डोळा काढला की डाव्या हातानं चाक अर्धं फिरवलं आणि समोर तसाच दुसरा डोळा आला. इकडं हसरा गाल, तिकडं हसरा गाल. नाक दोन्हीकडं वळवता येईना, म्हणून सरळ झालं. कपाळ मोकळं दिसलं तर तिथं आपसूक फुलं उगवली.

यम्मानं थाळी दोन्ही हातांत घेतली, बोटाच्या पेरानं वाजवून बघितली आणि म्हणाली, "चांगली आहे. लग्न कोणाचं आहे?"

मी आणखी चार थाळ्या रंगवल्या. चारही लग्नाच्याच झाल्या.

हनियाला हमामखान्यात तिच्या ओळखीची बत्तूल भेटली. बत्तूलनं तिला सांगितलं की बंदराजवळच्या बंद पडलेल्या मासळीच्या डबा-कारखान्यात दर गुरुवारी दुपारी चित्रकलेचा वर्ग भरतो, कोणीही यावं, आणि तिथं नुसता पोरखेळ चालतो पण मजा येते.

"तू जा तिथं," हनिया म्हणाली.

"मी? मी तिथं शिकवायला जाऊ की शिकायला?"

"पाच थाळ्या वाया घालवल्यास. शिकायलाच जा."

गेलो. कारखान्यात अजून माशांचा वास होता. लांबच लांब टेबलं होती, आणि त्यांतल्या एका ठरावीक टेबलाशी बत्तूल बसली होती. याच टेबलाशी तिनं तीस वर्षं तारल्यांची डोकी उडवली होती. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाली तरी बाई जागा सोडायला तयार नव्हती. मी तिच्या समोर बसलो. तिच्या कागदावर माणसं होती आणि एकालाही डोकं नव्हतं.

"डोकी कुठं गेली?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली. "आधी काढते, मग खोडते. विआम म्हणते, हळूहळू राहतील जागेवर."

विआम म्हणजे ती पोरगी. सत्तावीसेक वर्षांची, केस वर बांधलेले, हातांवर कायम कसला ना कसला रंग. तिची आईही याच कारखान्यात होती, म्हणून बत्तूल तिच्यावर हक्कानं ओरडायची.

पहिल्या दिवशी विआमनं टेबलावर एक किटली ठेवली आणि सांगितलं, "उजवा हात पाठीमागं. डाव्या हातानं काढा. चांगली आली तर फाडून टाकेन."

माझा डावा हात चाक फिरवण्यासाठीच आहे. त्याच्या हाती पेन्सिल दिली म्हणून तो सुधारणार थोडाच! त्यानं थोडी रेघ ओढली, मग कागदाचा कोपरा धरून कागद फिरवला, मग पुन्हा थोडी रेघ. माझी किटली तयार झाली तेव्हा तिला दोन तोट्या होत्या आणि दोन कान.

"ही चहा ओतते कुठून?" विआमनं विचारलं.

"दोन्हीकडून. पाहुणे जास्त असले की बरं."

लोक हसले. ती मात्र चिकटपट्टीचं वेटोळं घेऊन आली आणि माझ्या कागदाचे चारही कोपरे तिनं टेबलाला चिकटवून टाकले. "आता फिरवा."

कागद फिरेना. मग मी उठलो आणि एक रेघ ओढून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिथून एक रेघ ओढली आणि तिसऱ्या बाजूला गेलो. खरं सांगतो, माझ्या लक्षातही आलं नाही. बत्तूलच्या आवाजानं भान आलं.

"अल्लाल, घाण्याला जुंपलंय काय रे तुला? तेल निघालं की वाटीभर इकडं दे."

पुढच्या गुरुवारी विआमनं सगळ्यांना चहा पाजला आणि पेल्यात उरलेला चहा कागदावर सांडायला सांगितला. डागात काय दिसतं ते बघायचं, चार रेघा ओढून ते बाहेर काढायचं. कोणाला उंट दिसला, कोणाला सासू दिसली. बत्तूलला डोक्यासकट मासा दिसला आणि तिनं तो पहिल्यांदाच तसाच राहू दिला. मला डाग दिसला. उजव्या कोपऱ्यात एक मोठा डाग आणि बाकीचा कागद उघडा. मला बघवेना. मी पेल्यात बोट बुडवलं आणि डाव्या कोपऱ्यात तसाच डाग केला. मग खाली दोन केले.

विआम मागं येऊन उभी राहिली आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "सांडलेल्या चहालाही तुम्ही रांगेत उभं केलंत!" मग डोळे पुसून ती म्हणाली, "मअल्लम, राग मानू नका. तुम्हाला चित्र काढता येत नाही. तुम्हाला थाळी काढता येते."

मी राग मानला. टोपी उचलली आणि घरी आलो. पुढच्या गुरुवारी गेलो नाही. टेकडीवर जाऊन बारा थाळ्या रंगवल्या, सगळ्या बिनचूक. संध्याकाळी यम्मा म्हणाली, "बुशैब, हाताला निळं काय लागलंय? तू दर्यावरचा माणूस, कुंभाराचं काम करू नकोस." मी उठलो. आत जाऊन हनियाला म्हटलं, पुढच्या गुरुवारी जेवण लवकर वाढ.

या खेपेला मी विआमला खरं काय ते सांगितलं. भाऊ, आई, पाच थाळ्या, सगळं. वाटलं होतं, ती हळहळेल आणि मला उठून जावंसं वाटेल. तिनं नुसतं विचारलं, "नाक कुठल्या बाजूला वळलं होतं?"

"डावीकडं."

"आणि थाळीवर?"

"सरळ."

"म्हणजे तुमचा हात खोटं बोलतो. तो कागदाकडं बघतो म्हणून बोलतो. त्याला बघू द्यायचं नाही."

तिनं खोक्याचा एक पुठ्ठा कापला, त्याला मधोमध भोक पाडलं आणि तो पेन्सिलीवर छत्रीसारखा बसवला. पुठ्ठ्याखाली हात आणि कागद दोन्ही झाकले गेले. मग तिनं मला बत्तूलकडं तोंड करून बसवलं. डोळ्यांनी बत्तूलच्या चेहऱ्यावरून मुंगीच्या चालीनं चालायचं, आणि डोळा जिथं जाईल तिथं पेन्सिलीनं जायचं. पेन्सिल उचलायची नाही. खाली बघायचं नाही.

"चाळीस वर्षांत कोणी माझ्याकडं इतका वेळ बघितलं नाही," बत्तूल म्हणाली. "हनियाला सांगू काय?"

"तोंड बंद ठेव. हनुवटी हलते."

"हलू दे. तिला हलायची सवय आहे."

पुठ्ठा काढला तेव्हा कागदावर एक डोळा कपाळात होता, दुसरा गालावर, आणि नाक कानाला जाऊन भिडलं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम. उस्ताद असता तर त्यानं दांडी मोडेपर्यंत मारलं असतं. पण ती बत्तूल होती. हॉलमधल्या सगळ्यांनी लांबूनच ओळखलं. तिचं खालचा ओठ पुढं काढून वाट बघत राहणं, कधी एकदा बोलायला मिळतंय म्हणून, ते त्या वेड्यावाकड्या रेघेत जसंच्या तसं उतरलं होतं.

"इतका अपमान माझ्या नवऱ्यानंही केला नाही," बत्तूल म्हणाली आणि चित्र घडी करून पिशवीत टाकू लागली. मी मागितलं तर देईना.

त्यानंतर तीन गुरुवार असेच गेले. विआमनं एकदा पुरुषभर उंचीच्या बोरूला कुंचला बांधून उभ्यानं काढायला लावलं. एकदा बत्तूलला आणि मला एकच पेन्सिल दोघांनी धरायला दिली, तिला गाढव काढायचं होतं आणि मला घोडा, आणि जे निघालं त्याला चारा कुठला घालावा हे कोणाला कळलं नसतं. मला मजा येत होती हे मी हनियाला सांगितलं नाही. पण टेकडीवर थाळी रंगवताना एकदा पाकळी हुकली, आणि मी ती पुसली नाही. बाजूच्या रंगाऱ्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं.

मग तो गुरुवार आला. विआमनं कागद चिकटवला, माझ्या हातात कोळशाचा तुकडा दिला आणि डोळे मिटायला सांगितलं.

"भावाचा चेहरा काढू नका," ती म्हणाली. "त्याला शेवटचं बघितलं तेव्हा तुम्ही कुठं होतात, तिथं जाऊन उभे राहा. काय दिसतं तेवढंच काढा. जास्तीचं काही घालू नका."

मी डोळे मिटले. गव्हाची खोली आली. पोत्यांचा वास आला. दाराला उभ्या फळ्या होत्या आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. मी दारावर लाथा घालत होतो, रडतही होतो. बाहेर उजाडत होतं. बुशैब फटीपाशी आला आणि त्यानं आत डोळा लावला. "रडू नकोस, उद्या नेतो," म्हणाला आणि हसला. फटीतून त्याचा एक डोळा दिसत होता, वळलेल्या नाकाचा शेंडा आणि तोंडाचा तो एकच कोपरा, ज्यानं तो हसायचा. माझ्या लाथांनी बाहेरच्या जाडजूड कडीची साखळी वाजत होती. मग तो बाजूला झाला.

दुपारी कोणीतरी दाराखालून अर्धा पाव आत सरकवला. शेजारीण असावी असं मी समजलो. मी तो पाव लाथेनं भिंतीवर उडवला. संध्याकाळी बातमी आली तेव्हा दार उघडलं. त्यानंतर कोण कोणाशी काय बोलणार!

डोळे उघडले तेव्हा कागदाच्या मधोमध एक उभा पट्टा होता. त्यात एक डोळा, नाकाचा शेंडा, ओठांचा कोपरा. दोन्ही बाजूंना कोरा कागद. माझा डावा हात आपोआप कागदाच्या कोपऱ्याकडं गेला. उरलेला अर्धा चेहरा भरायला फार तर दोन मिनिटं लागली असती. कागद चिकटवलेला होता. मी कोळसा खाली ठेवला.

"अर्धाच?" बत्तूलनं वाकून बघितलं. "बाकीचा कुठंय?"

"तिकडं फळी होती," मी म्हटलं.

बत्तूल आपल्या जागी जाऊन बसली. विआमनं चिकटपट्ट्या सोडवल्या आणि कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

मी चालत घरी आलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. हा बुशैब. मी अल्लाल. मी तुझा धाकटा. एवढी तीन वाक्यं.

यम्मा अंगणात उन्हाला बसली होती. मांडीवर फडकं, फडक्यात पाव. खात नाही ती, नुसते तुकडे करत बसते. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो, कागद उलगडला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला.

ती बराच वेळ बघत राहिली. या खेपेला तिनं लग्न कोणाचं ते विचारलं नाही. हात पुढं करून तिनं त्या ओठांच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कोळसा तिच्या बोटाला लागला.

"बुशैब," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नाही, कागदाकडं बघून.

"हो," मी म्हटलं. "तो बुशैब. आणि मी..."

"गप," ती मला म्हणाली. "मी त्याच्याशी बोलतेय."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ नेला. आवाज खाली आणला, भिंतीपलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून आणतात तसा.

"तुला मी अडवून तू थांबणार नाहीस," ती म्हणाली. "तू तुझ्या बापावर गेलास. जा. पण अल्लालला मी नेऊ देणार नाही. रडू दे, दार फोडू दे. आभाळाचा रंग मला बरा दिसत नाही. एक तरी माझ्याजवळ राहू दे. तोच राहू दे."

माझी तीन वाक्यं कुठं गेली कोण जाणे. दळण आणायला माणूस हवा होता म्हणून मला कोंडलं, असं मी चव्वेचाळीस वर्षं मानत आलो होतो. मी जमिनीवर बसून राहिलो. हनिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, तिनंही ऐकलं होतं.

यम्मानं कागद बाजूला ठेवला. फडक्यातला अर्धा पाव उचलून तिनं माझ्यापुढं धरला. मी तिला कोण वाटत होतो ते मला माहीत नाही. बुशैब नाही, बुशैब कागदावर होता. घरात ये-जा करणारा कोणीतरी असेन.

"हे धर," ती म्हणाली. "अल्लालला दे. दाराखालून आत सरकव. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या. आणि ऐक, मी दिलं म्हणू नकोस. माझ्यावर रागावलाय तो."

मी पाव घेतला. तो कडक झाला होता, सकाळपासून तिच्या मांडीवर होता. मी तिच्यासमोर बसूनच तो खाल्ला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"दिलास?" तिनं विचारलं.

"दिला."

"खाल्ला त्यानं?"

"सगळा खाल्ला."

तिनं फडकं झटकलं आणि त्याची घडी घातली. मग म्हणाली, "रागावलाय अजून?"

"नाही," मी म्हटलं. "आता नाही."